क्रॉस, पार आणि पारणं



आज आधी एक कबुली देते आणि मग विषयाकडे वळते. दशलक्षणाच्या आधी आपल्या मंडळाच्या ग्रुपवर मी एक मेसेज पुढे पाठवला होता. इंग्रजीतला 'क्रॉस' हा शब्द आपल्या संस्कृत 'क्रोश' या शब्दावरून आला, असं त्यात म्हटलं होतं. क्रोश म्हणजे कोस. दर कोसाला रस्ते एकमेकांना छेदायचे, म्हणून 'क्रॉस करणे' झालं, असा खुलासाही होता. मला तो इतका पटला की खाली हात जोडलेली दोन चित्रं टाकून मी तो चार ग्रुपना पाठवला. वीस-पंचवीस जणींनी अंगठे दाखवले. दोघींनी तो आणखी पुढे पाठवला.

माझी नात नववीत आहे. ती शेजारीच बसली होती. म्हणाली, "आजी, मग चर्चवरचा क्रॉस पण कोसावरून आला का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. "अगं, असेल काहीतरी," म्हणून मी पोळ्या लाटायला उठले. पण ते मनातून जाईना. शेवटी सुनेला मोठा इंग्रजी शब्दकोश काढायला लावला आणि मग पंधरा दिवस दुपारची झोप सोडून मी त्याच्याच मागे होते. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते. मेसेज चार ओळींचा होता, दुरुस्ती लांबलचक झाली आहे. त्याला इलाज नाही.

आधी क्रोश. संस्कृतात 'क्रुश्' म्हणजे ओरडणे. आक्रोश त्यातलाच. माणसाची हाक जिथवर ऐकू जाते तेवढं अंतर म्हणजे क्रोश, त्याचा आपला कोस झाला. म्हणजे त्या शब्दाचा रस्त्यांच्या छेदण्याशी संबंधच नाही. मेसेज तिथेच पडला.

मग क्रॉस कुठला? तो लॅटिनचा. लॅटिनमध्ये 'क्रुक्स' म्हणजे रोमन राज्यात ज्या लाकडी खांबाला गुन्हेगाराला खिळून मारत तो खांब. हा शब्द ऐकायला बरा नाही, पण सुरुवात तिथलीच आहे. ख्रिस्ती धर्मात तोच खांब पूज्य चिन्ह झाला आणि धर्माबरोबर शब्दही देशोदेशी फिरला.

मला वाटलं होतं तो रोममधून थेट इंग्लंडात उतरला असेल. पण रस्ता वाकडा निघाला. आयर्लंडवर रोमची सत्ता कधीच नव्हती, तिथे लॅटिन गेली ती धर्मगुरूंच्या तोंडून. त्यांनी 'क्रोस' म्हणायला सुरुवात केली आणि माणसापेक्षा उंच दगडी क्रूस कोरून उभे केले. ते आजही तिथे उभे आहेत. नवव्या शतकात उत्तरेकडचे व्हायकिंग लोक जहाजांतून आले आणि डब्लिनला वसले. लुटायला आलेली ही माणसं हळूहळू तिथल्यासारखी झाली, त्यांनी धर्म घेतला आणि शब्दही घेतला. त्यांच्या तोंडी तो 'क्रॉस' झाला. पुढे त्यांच्यातले बरेच समुद्र ओलांडून इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर शेती करू लागले. लिव्हरपूलजवळ 'क्रॉस्बी' नावाचं गाव आहे. त्या लोकांच्या भाषेत 'बी' म्हणजे वस्ती. क्रॉस्बी म्हणजे क्रूस असलेली वस्ती. आपल्याकडे वडगाव, पिंपळगाव असतात ना, तसंच.

म्हणजे इंग्रजांचा हा शब्द त्यांना रोमनांनी सरळ हातात दिला नाही. आयरिश साधू आणि व्हायकिंग शेतकरी अशा दोन हातांतून तो आला. आपल्या स्वयंपाकघरातला बटाटा असाच हिंडत हिंडत आला आहे, आणि उपासाचा म्हणून अनेक घरांत मान मिळवून बसला आहे. (आपल्यात कंदमूळ चालत नाही, तो भाग वेगळा.)

इंग्रजांचा स्वतःचा जुना शब्द होता 'रूड'. मुळात काठी, मग क्रूस. तो आता मागे पडला आहे, एडिनबरोच्या होलीरूड राजवाड्याच्या नावात तेवढा शिल्लक आहे. आणि गंमत म्हणजे जमिनीच्या मापात. काठीने जमीन मोजत, म्हणून एकराच्या चौथ्या हिश्श्याला ते रूड म्हणत. म्हणजे बरोबर आपले 10 गुंठे. सातबाऱ्यावरून भांडणारी मंडळी तिथेही असणारच.

आता शब्दाचं क्रियापद कसं झालं ते बघा. साधारण सन 1200 च्या सुमारास 'क्रॉस करणे' म्हणजे छातीवर क्रुसाची खूण करणे, एवढाच अर्थ होता. देवासमोरची कृती. मग दोन वस्तू एकमेकींवर आडव्या ठेवणे, रेघांनी छेदणे असे अर्थ चौदाव्या शतकात आले. साधारण 1400 च्या आसपास एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणे हा अर्थ लिहिलेला सापडतो, जो आज आपण रस्त्यावर वापरतो. त्याच शतकात लिहिलेल्यावर काट मारणे. सोळाव्या शतकात एखाद्याच्या आड येणे. आणि सतराव्या शतकात तर 'क्रॉस' म्हणजे चिडका, रागावलेला. पूजेच्या खुणेपासून निघालेला शब्द चारशे वर्षांत सासूच्या चेहऱ्यावर येऊन बसला!

एकदा शब्द सापडला की त्याचं गणगोत दिसू लागतं. 'क्रुझेड' म्हणजे धर्मयुद्ध, त्यातलाच. 'क्रूझ' म्हणजे ती मोठी प्रवासी जहाजं, तो शब्द डच खलाशांचा. समुद्रात आडवं-तिडवं फिरणं म्हणजे त्यांच्या भाषेत क्रॉस करणं. 'क्रुशल', म्हणजे निर्णायक, हाही त्यातलाच: फ्रान्सिस बेकन या पंडिताने 1620 च्या ग्रंथात चौरस्त्यावरच्या दिशादर्शक खांबाची उपमा वापरली, कुठल्या वाटेने जायचं ते तो खांब ठरवतो. आणि माझं आवडतं शब्दकोडं. 1913 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात आर्थर विन यांनी पहिलं कोडं छापलं तेव्हा त्याचं नाव होतं 'वर्ड-क्रॉस'. पुढे ते उलटं होऊन क्रॉसवर्ड झालं.

इथे नातीने विचारलं, "पण संस्कृत आणि इंग्रजी बहिणी आहेत असं आमच्या पुस्तकात आहे. मग क्रॉस संस्कृतातला नाही हे कशावरून?" प्रश्न चांगला होता. 1786 मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्स या न्यायाधीशांनी भाषणात सांगितलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच आईच्या मुली दिसतात. नंतर याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने 1822 मध्ये नियम मांडला. जिथे संस्कृतात 'प' आहे तिथे इंग्रजीच्या घराण्यात 'फ' येतो, 'त'चा 'थ' होतो, आणि जुना 'क' असेल तर 'ह'. पितृ आणि फादर. त्रि आणि थ्री. लॅटिनमध्ये शंभराला 'केंतुम', इंग्रजीत 'हंड्रेड'. आता बघा, क्रुक्स हा शब्द इंग्रजीला आईकडून वारसा म्हणून मिळाला असता तर त्याचा 'क' जाऊन 'ह' झाला असता. तो 'क'च राहिला, म्हणजे तो नंतर बाहेरून आला, उसना. मला हे फार आवडलं. आमच्या कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर खतावणीत नोंद कुठल्या तारखेची आहे हे शाईवरून कळावं, तसं हे आहे. नुसता उच्चार जुळला म्हणून नातं लागत नाही.

मग खरं नातं कुठे आहे? ते दुसऱ्याच शब्दांत निघालं, आणि तिथे मला माझा मेसेज पुसल्याचं दुःख राहिलं नाही.

क्रॉस येण्याआधी इंग्रज नदी ओलांडत नव्हते काय? ओलांडत होतेच. त्यांच्याकडे होते फेअर, फेरी आणि फोर्ड. 'फेअर' म्हणजे आज आपण बसचं भाडं म्हणतो, पण मुळात प्रवास करणे. निरोप घेताना 'फेअरवेल' म्हणतात ते 'सुखाने जा' या अर्थाने. 'फेरी' म्हणजे पलीकडे पोचवणे, त्यावरून नाव. 'फोर्ड' म्हणजे नदीत पायउतारा असतो ती जागा. बैल जिथून नदी पार करत ते ऑक्सफर्ड. जर्मनीतलं फ्रँकफर्टही तसंच, फ्रँक लोकांचा उतारा. आता ग्रिमसाहेबांचा नियम लावा. 'फ'च्या जागी 'प' ठेवा. फेअर, फेरी, फोर्ड यांची संस्कृतातली बहीण आहे 'पार'! पलीकडे नेणे, पैलतीर. आणि 'पार' पासून 'पारण', म्हणजे शेवटाला नेणे, व्रत तडीला नेणे. त्याचंच आपलं पारणं.

मैत्रिणींनो, मी दहा उपवास दोनदा केले आहेत. अकराव्या दिवशी सकाळी मुगाचं पाणी समोर आलं की पारणं म्हणजे खाणं, एवढंच मला आजवर वाटायचं. ते पैलतीराला लागणं आहे आणि ऑक्सफर्डच्या नदीतल्या उताऱ्याशी त्याचं रक्ताचं नातं आहे, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

दुसरी बहीण आणखी जवळची. संस्कृतातला 'तॄ' धातू, तरणे. 'त'चा 'थ' करा, इंग्रजीचा 'थ्रू' मिळतो, आरपार. लॅटिनमध्ये तोच 'ट्रान्स' म्हणून आहे. ट्रान्सफर, ट्रान्सपोर्ट, ट्रान्सलेट, सगळीकडे पलीकडे नेणं आहे. ट्रान्सफरमध्ये तर दोन्ही तुकडे ओळखीचे: पहिला आपल्या 'तर'चा भाऊ, दुसरा 'भर'चा, भार वाहण्यातला. आपल्याकडे नदी कमी झाली की 'उतार मिळाला' म्हणतात, प्रवाशाला 'उतारू' म्हणतात, तेही 'तॄ'चेच. अवतार, खाली उतरणं, तोही. आणि तीर्थ. तीर्थ म्हणजे पाण्यात उतरून पलीकडे जाण्याची जागा, म्हणजे फोर्डच. ती जागा जो करून देतो तो तीर्थंकर. मुनी, आर्यिका, श्रावक, श्राविका हा चतुर्विध संघ म्हणजे तीर्थ, हे आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणजे त्या उताऱ्याचा चौथा हिस्सा आपणही आहोत. हे वाचताना मी चष्मा काढून जरा वेळ बसले होते.

पण याच धातूला दुसरी बाजू आहे. 'तिरस्' म्हणजे आडवं, पलीकडे, बाजूला. बाजूला सारणं म्हणजे तिरस्कार. आडवं चालणारा तो तिर्यंच. माणूस उभा चालतो, पशू जमिनीला समांतर, म्हणून चार गतींतली ती एक गती. साथिया काढताना आपण चार पाती चार गतींची म्हणतो, त्यातलं एक. इंग्रजीत क्रॉस म्हणजे ओलांडणं, आडवं, आड येणं आणि चिडका. आपल्याकडे तरणं, तिरकं, तिर्यंच आणि तिरस्कार. शब्द वेगळे, घरं वेगळी, पण दोन्हीकडे ओलांडण्याच्या शेजारीच राग येऊन बसला आहे. कुणी कुणाचं पाहून केलेलं नाही. पलीकडे जायचं तर काहीतरी आडवं छेदावं लागतं, आणि आडवं आलं की माणूस चिडतो, एवढंच मला त्यात दिसतं.

इथे आणखी एक शब्द येतो, आणि तो टाळता येणार नाही. इंग्रजीत पाप करण्याला 'ट्रान्सग्रेस' म्हणतात. ट्रान्स म्हणजे पलीकडे, ग्रेस म्हणजे पाऊल टाकणं. आपलं 'अतिक्रम' अगदी तसंच आहे, अति म्हणजे पलीकडे, क्रम म्हणजे पाऊल. अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार, अनाचार या व्रतभंगाच्या चार पायऱ्या आपण शिकलो आहोत: मन ढळणं, कुंपण ओलांडणं, मग प्रत्यक्ष चूक, मग तिची सवय. दिग्व्रत घेतलेला व्यापारी ठरवतो, या दिशेला एवढ्याच अंतरापर्यंत जाईन. त्याच्या अतिचारांत वर, खाली आणि 'तिर्यक्', म्हणजे आडवी मर्यादा ओलांडणं सांगितलं आहे. ओलांडणं हे एकाच वेळी तरणंही आहे आणि पापही. कुठली रेघ, यावर ते ठरतं.

रेघ म्हटलं की मला चेक आठवतो. हा भाग माझ्या पदवीचा, म्हणून जरा रेंगाळते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमधल्या बँकांचे कारकून एका ठिकाणी जमून एकमेकांचे चेक अदलाबदल करू लागले. हिशेब सोपा जावा म्हणून प्रत्येक कारकून चेकवर आडवं आपल्या बँकेचं नाव लिही. त्या आडव्या लिहिण्याला क्रॉसिंग म्हणत. मग लोकांच्या लक्षात आलं की असं आडवं लिहिलेला चेक बँकेतूनच वटतो, चोराला रोख मिळत नाही. ते स्वतःच आडव्या रेघा मारून मध्ये नुसतं 'अँड कंपनी' लिहू लागले, कारण बहुतेक बँकांच्या नावाचा शेवट तोच होता. पुढचा भाग बँकेने भरायचा. 1856 मध्ये इंग्लंडच्या कायद्याने या प्रथेला मान्यता दिली. आपल्याकडे 1881 चा परक्राम्य संलेख अधिनियम आहे, त्याच्या कलम 123 मध्ये दोन समांतर तिरप्या रेघा पुरतात असं म्हटलं आहे, मध्ये काही लिहिलं नाही तरी. 'अकाउंट पेयी' हे शब्द मात्र त्या कायद्यात नाहीत, ते वहिवाटीने आले. आणि मूळ इंग्रजी कलमात त्या रेघांना 'ट्रान्सव्हर्स' म्हटलं आहे. म्हणजे क्रॉस चेकवर लॅटिनचा क्रुक्स आणि आपल्या तरणाचा भाऊ ट्रान्स, दोघेही एका कोपऱ्यात उभे आहेत.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी दुकानाच्या पत्रव्यवहाराचं काम मामंजींनी माझ्याकडे दिलं होतं. सून बी.कॉम. आहे याचं त्यांना कौतुक होतं. एका धर्मशाळेच्या देणगीसाठी 1100 रुपयांचा चेक मी लिहिला आणि पोस्टाने पाठवला. रेघा मारायच्या राहिल्या. 'बेअरर'ही खोडलं नाही. तो चेक धर्मशाळेत पोचलाच नाही, कुणीतरी वाटेत काढून रोख पैसे घेऊन गेलं. तेव्हा 1100 ही लहान रक्कम नव्हती. परीक्षेत क्रॉसिंगच्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते, हे मला त्या दिवशी सगळ्यात जास्त बोचलं. मामंजी रागावले नाहीत. त्यांनी दुसरा चेक लिहायला लावला, स्वतः पट्टी घेऊन कोपऱ्यात दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, "चोराला आपणच दार उघडं ठेवलं, अर्धं पाप आपलं." पुढे शेवटपर्यंत माझ्या प्रत्येक चेकवरच्या रेघा तेच मारत. मी सही घेऊन जायची, ते पट्टी काढायचे.

सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत मिथ्योपदेश आहे, चुकीचं सांगणं. कूटलेखक्रिया आहे, खोटं लिखाण करणं. चेक वाचताना मला दुसरा आठवायचा. पहिला आपल्याला लागू होईल असं वाटलंच नव्हतं, कारण उपदेश करणारी मी कोण? पण चार ग्रुपवर पाठवलेला मेसेज हा उपदेशच झाला. रेघा न मारता पोस्टात टाकलेला चेक आणि न तपासता पुढे ढकललेला मेसेज, दोन्हींत दार मीच उघडं ठेवलं होतं.

परवा मी चारही ग्रुपवर लिहिलं की क्रोशाचा तो मेसेज चुकीचा होता, क्रॉस लॅटिनमधून आला आहे, पार आणि तीर्थ यांच्या बहिणी मात्र इंग्रजीत खरोखर आहेत, आणि तुम्ही पुढे पाठवला असेल तर हेही पाठवा. पहिल्या मेसेजला पंचवीस अंगठे होते, याला तीन आले. एका वहिनींनी लिहिलं की आपल्याच भाषेचा मोठेपणा कमी करून काय मिळवलंस? त्यांना मी फोन केला, अर्धा तास बोललो, त्यांचं पूर्ण समाधान झालं असं मला वाटत नाही. फोर्ड आणि पारणं सांगितलं तेव्हा मात्र त्या गप्प ऐकत होत्या.

रात्री उशिरा आमच्या मंडळातल्या सगळ्यात वयस्क अक्कांचा आवाजातला मेसेज आला. त्यांना टाइप करता येत नाही. म्हणाल्या, "बाई, ते क्रॉस-बिस राहू दे. पारणं आपलं आहे ना? मग उद्या सकाळी ये, माझं आहे."

मी मुगाचं पाणी घेऊन गेले होते.